लाईट असेपर्यंतचं राज्य

जुलैत आमच्या शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापुरात छत्री ही नुसती समजूत असते. वरून येणारा पाऊस ती अडवते, पण इथला पाऊस आडवा येतो. अशाच एका दुपारी गुरुजी दुकानात आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात चपला, दुसऱ्या हातानं पोटाशी धरलेली खताची रिकामी पिशवी, आणि पिशवीत दोन टॉवेलांत गुंडाळलेला मुलाचा जुना लॅपटॉप.

"ह्यात मराठ्यांचा गेम बसतो म्हणं," टॉवेल सोडवत ते म्हणाले. "नातू सांगत होता. आपलं राज्य आपण चालवायचं. मला जमंल का रे?"

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मी त्यांच्याच हाताखाली चौथी पास झालो. दर पावसाळ्यात पन्हाळ्यावरून पावनखिंडीकडे चालत निघणाऱ्या मोहिमांत ते पोरं घेऊन जातात, वाटेतला ओढा न् ओढा त्यांना ठाऊक. बुद्धिबळात त्यांनी मला आजवर एकदाही जिंकू दिलेलं नाही. अशा माणसाला मराठ्यांचा गेम जमणार नाही तर कुणाला जमणार? मी विचार न करता 'हो' म्हणालो. इतका आंधळा सल्ला मी दुकान काढल्यापासून दिला नसेल.

गेम होता 'एम्पायर: टोटल वॉर'. 2009 सालचा, त्यामुळं जुन्या लॅपटॉपवर कुंथत का होईना चालतो. त्यातली गोष्ट 1700 साली सुरू होते आणि इंग्रज, फ्रेंच, तुर्कांच्या बरोबरीनं मराठ्यांचं राज्यही खेळायला घेता येतं. एका खेळात दोन खेळ आहेत. नकाशावर चाली करायच्या, म्हणजे कर बसवायचा, फौज उभी करायची, तह करायचे. तिथं कसली घाई नाही. पण दोन फौजा भिडल्या की नकाशा जातो आणि प्रत्यक्ष मैदान समोर येतं. तिथं घड्याळ चालू. मी पडद्यावर हे सगळं दाखवलं, गुरुजींनी मान डोलावली, लॅपटॉप परत टॉवेलात गेला.

आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा आले, सोबत शंभर पानी वही. पहिल्या पानावर समास आखलेला. 'वरच्या वर्गाचा कर वेगळा, खालच्या वर्गाचा वेगळा. मंत्री नालायक निघाल्यास काढता येतो. शाळा बांधल्यास शोध लागतात.' मग मोठं प्रश्नचिन्ह, आणि पुढं: 'बंड का झाले? कर वाढवला नव्हता.' या बंडापाशी ते दोन दिवस अडकून पडले होते. बुद्धिबळात घोडा गेला की कुठं चुकलं ते पटावर दिसतं. इथं वीस चालींपूर्वी केलेली चूक आज वर येते, आणि तिचं कारण कुठल्या तरी कोपऱ्यातल्या बारीक इंग्रजी अक्षरांत, आकड्यांच्या उतरंडीत दडलेलं असतं. गुरुजींना इंग्रजी येतं. पण चष्म्यावर भिंग धरून वाचायचं इंग्रजी हा निराळा विषय.

तेही त्यांनी सोसलं असतं. खरी खोट लाईटनं केली. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, म्हणजे वायरीत प्राण. लढाई मध्येच थांबवून ठेवता येते, पण अर्धी लढाई सेव्ह होत नाही. आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट जाते हे सांगायची गरज नाही, किती वेळानं येते एवढंच विचारायचं असतं.

"तीनदा जिंकत आलो होतो," गुरुजी म्हणाले. "तीनदा लाईट गेली."

"मग?"

"मग काय. वाघाच्या तोंडातनं सुटून पुन्हा गुहेच्या दाराशी." वही मिटून त्यांनी पिशवीत घातली. "गेम वाईट न्हाई रे. पण त्याला माझा आख्खा दिवस पायजे, आणि माझ्याजवळ दिवसाचे तुकडे हाईत."

निवृत्त माणसाला वेळच वेळ, असं मी धरून चाललो होतो. मोजून बघितलं तेव्हा कळलं. सकाळी म्हशीची धार आणि दूध संस्था. मग नातीला गाडीपर्यंत सोडणं. साडेदहाला कुणाचा तरी अर्ज लिहून दे, कुणाच्या पोरीचा दाखला बघ. दुपारी जरा पाठ टेकली की वैरणीचा माणूस. गुरुजींचा मोकळा वेळ सगळा मिळून पाच तास भरला असता, पण वीस मिनिटांपेक्षा मोठा तुकडा त्यात नव्हता.

जाता जाता त्यांनी आणखी एक तक्रार केली, आणि ती मला अजून पुरते. त्या गेममध्ये वर्षाला दोन चाली असतात, एक उन्हाळ्याची आणि एक हिवाळ्याची. पावसाळ्याची चालच नाही. "शाहूवाडीत बसून पावसाळा नसलेलं राज्य करायचं?" ते म्हणाले. मग दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्यांनी मला 1702 साल सांगितलं, जसं चौथीत सांगितलं असतं तसंच, बोट उगारून. राजाराम महाराज 1700च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले, कारभार ताराबाईंनी उचलला, आणि म्हातारा औरंगजेब स्वतः एकेक किल्ला घेत सुटला. विशाळगडासाठी तो इथं, आपल्या मलकापुरात आला. आंबा घाटाची वाट करायला माणसं जुंपली. सहा महिने झुंजून गड काही पडेना, तेव्हा शेवटी 1702च्या जूनमध्ये पैसे मोजून ताब्यात घेतला. गड मिळाला आणि पाऊस लागला. परत फिरलेल्या त्या अवाढव्य फौजेला पन्हाळ्याकडची 30 मैलांची वाट तुडवायला 38 दिवस लागले. ओढे ओलांडताना जनावरं गेली, माणसं गेली, सामान चिखलात राहिलं.

"दिवसाला मैलभरसुद्धा न्हाई," गुरुजी म्हणाले. "आणि तुझ्या गेममध्ये मी अख्खी फौज एका टिचकीत घाटाखाली नेली. कुणी चिखलात बसलं न्हाई. मला खोटं वाटाय लागलं." ज्याला विषय येत नाही त्याला गेम जड जातो, असं आपण म्हणतो. विषय फार येत असला तरी जड जातो, हे मला तेव्हा कळलं.

गुरुजींना दिलेला माझा सल्ला का चुकला याचं उत्तर खरं तर माझ्याच दुकानात पंधरा वर्षं पडलेलं होतं. 2007 साली चार कॉम्प्युटर मांडून मी कॅफे काढला, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. तासाला 15 रुपये. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची पोरं आणि गाडी चुकलेली माणसं. पोरांचा जीव 'एज ऑफ एम्पायर्स'च्या दुसऱ्या भागावर, 1999चा गेम, पण आमच्याकडं निवांत पोचला होता. त्याला सगळे नुसतं 'एज' म्हणत. गावकरी पैदा करायचे, लाकूड तोडायचं, मेंढरं हाकून आणायची, मग बराकी, मग घोडेस्वार. मेंढरं आहेत म्हटल्यावर धनगरवाड्यावरच्या एका पोरानं पहिल्याच दिवशी सगळ्यांना मागं टाकलं होतं.

तर या पोरांतल्या निम्म्यांना गेम सरळ खेळायचाच नसायचा. कीबोर्डखाली एक कागद चिकटवलेला, त्यावर चीट कोड. 'हाउ डू यू टर्न धिस ऑन' असं टाईप करून एंटर मारलं की मध्ययुगातल्या त्या गावातून बंदुका लावलेली निळीशार मोटार बाहेर पडायची आणि समोरच्याचा किल्ला जमीनदोस्त. दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्लेली पोरं हे अख्खं वाक्य एकही चूक न करता, पडद्याकडं न बघता टाईप करत. मला त्यांचा राग यायचा. डोकं चालवायच्या खेळात डोकं बाजूला ठेवतात, असं वाटायचं.

आता वाटतं, ती पोरं हिशोबी होती. आंबा गावाकडं जाणारी गाडी लागायला चाळीस मिनिटं. त्यात गाव वसवायचं, युगं ओलांडायची, लढाई करायची आणि जिंकायचं, हे सरळ मार्गानं नव्या माणसाला शक्य नाही. त्यांना शेवट बघायचा होता. गेम त्यांच्या वेळेत बसत नव्हता, तर त्यांनी तो कापून बसवला. शिंपी करतो तसा. चीट न वापरणारे जे दोघे-तिघे होते ते मलकापुरातच राहणारे, पायी घरी जाणारे. गाडी नाही म्हणून नीती होती.

मोबाईल आले, कॅफे गेला. आता दुकानात दुरुस्ती, झेरॉक्स, सातबारा, ई-केवायसी, परीक्षांचे फॉर्म. पण 'एखादा गेम घालून द्या, डोक्याचा' म्हणणारे अजून येतात. कुणी लष्करातून सुट्टीवर आलेला, कुणी आंब्याच्या हॉटेलात रात्रपाळी करणारा, कुणी पाय मोडून घरी बसलेला. गुरुजींनंतर मी ठरवलं, आधी स्वतः खेळून बघायचं आणि ते दुकानातच, काउंटरवर बसून. घरी रात्री शांतपणे खेळलेला गेम चांगलाच वाटतो. दुकानात दर सात-आठ मिनिटांनी कुणीतरी हाक मारतं. गिऱ्हाईक गेल्यावर परत पडद्याकडं बघितलं आणि 'आपण काय करत होतो' हे लगेच आठवलं, तर तो गेम सवडीनं खेळणाऱ्याला चालेल. इतकी साधी परीक्षा.

'सिव्हिलायझेशन'चा सहावा भाग मी असा लावला होता. जगभरात नावाजलेली मालिका, 1991 पासून चालू आहे, आणि यात चंद्रगुप्त मौर्यही घेता येतो. चालींचा खेळ, आपण चाल केल्याशिवाय तो जागचा हलत नाही. कागदावर बघितलं तर माझ्यासारख्यासाठीच बनवलेला. साठाव्या चालीला असताना एक आजी पेन्शनच्या केवायसीला आल्या. त्यांच्या बोटांचे ठसे उठेनात. आयुष्यभर भात लावलेली बोटं, रेषा उरल्यात कुठं. साबणानं धुवून, पुसून, कोरडं करून, मग अंगठा, मग मधलं बोट असं करता करता अर्धा तास गेला. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. आजी गेल्या आणि मी पडद्याकडं बघितलं, तर माझा एक भालेवाला लांब एका नदीच्या मुखाशी एकटाच उभा. त्याला मी तिथं का पाठवला होता? गाव वसवायला जागा बघायला? कुणाची वाट अडवायला? काही केल्या आठवेना. गेमनं माझी वाट बघितली होती, पण माझ्या मनातला बेत तेवढा वेळ थांबला नव्हता. पाचशे चालींचा खेळ, प्रत्येक चालीला दहा बेत, आणि हे सगळे बेत मीच डोक्यात सांभाळायचे. तो मी पाय मोडलेल्या गड्याला दिला. त्याचं प्लॅस्टर निघालं तरी तो लवकर कामाला गेला नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार माझ्याकडं आली.

म्हणून मी आता कुणाला 'वेळ आहे का' असं विचारत नाही. सगळे आहे म्हणतात. मी विचारतो, "तुमचा चहा निवतो का?" चहा गरम पिऊन होतो त्यांना एक गेम, रोज निवतो त्यांना दुसरा. लोक हसतात, पण उत्तर खरं देतात.

मोबाईलवरच्या खेळांनी हे तुकड्यांचं गणित आधीच ओळखलं होतं. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' फिनलंडच्या सुपरसेलचा, 2012चा. वर्षभरानं अँड्रॉइडवर आला आणि बघता बघता आमच्या तालुक्यात वाडीवाडीवर पोचला. एका वाडीचा तर स्वतःचा क्लॅन होता. निम्मी पोरं मुंबईत कामाला, निम्मी गावात. गणपतीला भेटायची ती एरवी तिथं भेटत. सकाळी दोन मिनिटं, संध्याकाळी दोन मिनिटं, एखादं बांधकाम लावलं की फोन खिशात. पण यात माझा एक आक्षेप आहे. हा गेम तुमच्या तुकड्यांत बसतो खरा, मात्र तुकडे कुठं पाडायचे ते तोच ठरवतो. बांधकाम रात्री दोनला पुरं होणार असलं की माणूस दोनला जागा. थांबायचं नसेल तर पैसे टाकून हिरे घ्यायचे. एका बापाच्या खात्यातून पोरानं असलेच कुठल्याशा गेमचे हिरे घेतले आणि सोसायटीचा हप्ता थकला. ते गृहस्थ मोबाईल घेऊन माझ्याकडं आले ते जणू मीच घेतले असे. तेव्हापासून पोराच्या हातातला फोन असला की मी आधी पैशाची वाट बंद करून देतो आणि मगच बोलतो.

शिवाय असलं राज्य आपलं नसतंच. 29 जून 2020 ला सरकारनं 59 चिनी ॲप बंद केली, त्यात 'क्लॅश ऑफ किंग्स' होता. हॉटेलात रात्रपाळी करणारा तो पोरगा दुसऱ्या दिवशी दुकानात आला. दोन वर्षं उभारलेलं राज्य. "खालसा झालं," एवढंच म्हणाला. लॉकडाऊनमुळं हॉटेलही बंदच होतं.

राहिल्या गिरणीवाल्या वहिनी. त्यांच्या बाबतीत मी गुरुजींच्या उलट चूक करणार होतो. पोरगा शिकायला कोल्हापूरला गेला, जुना फोन आईला दिला. फुटलेली काच बदलायला त्या दुकानात आल्या. पोरानं फोनवर मला सांगून ठेवलेलं, 'आईला कँडी क्रश घालून द्या.' मीही तेच घालणार होतो. गिरणी चालवणारी बाई, शाळा सातवीपर्यंत, तिला गोळ्या जुळवायचाच गेम द्यायचा, असं आपल्या हाडात बसलेलं असतं.

काउंटरवर तेव्हा मी 'बॅटल ऑफ पॉलिटोपिया' तपासत होतो. स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीचा 2016चा गेम. चौकोन चौकोन असलेली छोटी दुनिया, काहीत झाडी, काहीत डोंगर, काहीत फळं, काहीत मासे.

"हे काय, वाटणीचा नकाशा हाय व्हय?" वहिनी वाकून बघत म्हणाल्या.

मी दाखवलं. एक गाव, एक शिपाई. दर चालीला थोड्या चांदण्या मिळतात, तोच पैसा. फळं तोडायला दोन चांदण्या. शेजारच्या ओसाड खेड्यावर शिपाई नेऊन उभा केला की पुढच्या चालीला ते आपलं. डोंगर चढायची विद्या विकत घेतल्याशिवाय शिपाई डोंगरावर जात नाही.

"त्यात शिकायचं काय?" त्या म्हणाल्या. "आमची शेरडं चढत्यात." पण नजर हलली नाही. "हेच घाला भावजी. मी बघतो जमतंय का."

त्यांनी ते कसं जमवलं हे मी गिरणीत उभा राहून बघितलंय. वर डबा ओतायचा, पट्टा चालू, पीठ पडायला लागलं की खुर्चीवर बसून फोन काढायचा. एक चाल, दोन चाली. डोळे फोनवर, पण कान दगडावर. वरचं धान्य संपत आलं की दगडाचा आवाज बदलतो, कोरडा होतो. मला तो बदल कळतसुद्धा नाही. वहिनी मात्र बरोबर त्याच्या आधी उठतात, फोन तसाच खुर्चीवर, पडदा उघडा. शिपाई जागच्या जागी, कुणी हल्ला करत नाही. पुढचा डबा ओतून परत आल्या की सगळं राज्य एका नजरेत दिसतं, कारण ते आहेच पडद्याएवढं. इंग्रजी शब्द थोडे आहेत, ते त्यांनी वाचायचे म्हणून कधी वाचलेच नाहीत. मासा म्हणजे मासा, तलवार म्हणजे तलवार, शेजारी आकडा. तीस चालींचा डाव असतो. "तीस म्हंजे दोन दळपं," असा त्यांचा हिशोब.

एकदा मी विचारलं, हरता तेव्हा काय चुकलं ते कळतं का?

"कळतंय की. रान लई घेतलं आणि राखायला माणसंच न्हाईत. मागल्या बाजूनं शिरला." हे उत्तर मी गुरुजींना सांगितलं, तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कुठं असती ती? गिरणीत? दुपारची?"

तेव्हापासून गुरुजींच्या घरचं दळण वाढलंय. जोंधळ्याचा पाच किलोचा डबा घेऊन ते मुद्दाम गर्दीच्या वेळी जातात, म्हणजे नंबर उशिरा लागतो. वहिनींच्या खुर्चीमागं उभं राहून सल्ले देतात. त्यांना स्वतःला खेळायचं नसतं. नातवानं त्यांच्या फोनमध्येही तो गेम घातला होता, तो त्यांनी उघडला नाही.

परवा मी इन्व्हर्टरची वायर बघायला तिथं होतो. वहिनींची तेविसावी चाल. समोर डोंगराची रांग आणि पलीकडं शत्रूचं मोठं गाव.

"खिंडीतनं घाल," गुरुजी म्हणाले. "दोघांना वर चढव आणि एकाला खिंडीत उभा कर."

"गुरुजी, डबा तिकडं ठेवा आणि जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

तेवढ्यात उजेडच गेला. पट्टा फटफट करत मंदावला, दगड थांबला, आणि बाहेरचा पाऊस एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागला. घाटाकडं कुठंतरी झाड पडलं असणार, आता दोन तास तरी काही नाही. गुरुजी खुशीत पुढं सरकले. दळण नाही, गिऱ्हाईक नाही, सलग दोन तास.

वहिनींनी फोनकडं बघितलं. बॅटरी बारा टक्के. त्यांनी तो बंद करून पिठाच्या हातानंच कपाटावर ठेवला, पदर खोचला आणि कोपऱ्यातून टाकी-हातोडी काढली.

"रोज सवड कुठं मिळती," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात दगडाला टाकी लावून घेतो. भावजी, बॅटरी धरा जरा इकडं."

मी बॅटरी धरली. गुरुजी डब्यावर बसून राहिले.